कणकेचं आळं

बादली काही फार उंचावरून निसटली नव्हती, गुडघ्याइतक्या उंचीवरून. पण बेबीताई त्या बादलीसकट ओल्या फरशीवर बसली आणि फिशटँकमधून काढलेलं पाणी तिच्या मांडीवरून पातळात शिरलं. पाणी कोमट होतं, शेवाळाचा हिरवट वास होता, आणि दुखण्याच्या आधी एक पळभर तिला ते चक्क बरं वाटलं. मग खांद्यातून कळ निघाली. वामनराव पेपर टाकून आले. त्यांनी हात दिला, खुर्चीत बसवलं, बाम चोळला, फरशी पुसली, आणि सगळं आवरून झाल्यावर, उभी नोकरी यवतमाळच्या बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून गाड्या पुकारलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "बस झालं. हे टाकी आता घरातून जाईन." तो आवाज बेबीताईला ओळखीचा होता. दिग्रस-पुसद गाडी फलाटावर लागली आहे, असं त्या आवाजानं सांगितलं की ती लागलेलीच असायची. वाद घालण्यात अर्थ नसायचा. पण खांदा ठणकत असताना, पातळ अंगाला चिकटलेलं असताना, तिच्या तोंडून एकदम निघून गेलं की बादली उचलायलाच लागली नाही तर?

हे तिच्या डोक्यात कधीचं होतं, म्हणजे पोरीनं, वैष्णवीनं, पुण्याहून मोबाईलवर व्हिडिओ पाठवला होता तेव्हापासून. काचेच्या टाकीला खालच्या बाजूला भोक पाडतात, त्यात आट्यांची आखूड नळी, निप्पल, बसवतात, निप्पलला कॉक, कॉकला पाइप, आणि कॉक फिरवला की घाण पाणी आपल्या पायानं बाहेर जातं. वामनराव ऐकत राहिले. त्यांना पहिला प्रश्न पडला तो सगळ्यांनाच पडतो. काचेला भोक? फुटली म्हणजे? बेबीताई म्हणाली, फुटली तर गेली, तसंही तुम्ही घालवूनच राह्यले. त्यांनी बाभुळगावच्या हॉटेलवाल्या रूपसिंगला आधीच फोन लावला होता. त्याला हॉटेलात गल्ल्याजवळ ठेवायला टाकी पाहिजेच होती आणि रविवारी दुपारी तो गाडी घेऊन येणार होता. शेवटी ठरलं ते असं: रूपसिंग येईस्तोवर पाणी टाकीत राहिलं, फरशीवर आलं नाही, तर त्याला चहा पाजून परत पाठवायचं. नाहीतर टाकी, मासे, दगड, सगळं त्याच्या गाडीत. वामनराव म्हणाले शब्द म्हणजे शब्द. बेबीताईनं लगेच वैष्णवीला फोन लावून सामान पाठवायला सांगितलं.

रविवारी ती उजाडायच्या आत उठली. चहा करताना तिनं साखर दोनदा टाकली आणि तिला त्याचं हसू आलं. अगं, काय हे, वयात आलेल्या पोरीसारखं! हात पुढे धरून तिनं पाहिले. कासाराच्या लेकीचे हात. दिग्रसला बाप सायकलला बांगड्यांची लड बांधून गावोगाव जायचा, बोरी अरबच्या बाजाराला तर हटकून, आणि कॅरिअरवर बसलेली ही. बाप डझनभर बांगड्या एका हातात धरून दुसऱ्या हातानं हलकेच वाजवायचा. सगळ्या खणखणीत असल्या तर ठीक; एखादीला बारीक तडा असला तर अख्खा डझन बद वाजायचा. डोळ्यांना तडा दिसायचा नाही, कानाला दिसायचा. ती कोणती ते शोधायचं काम हिचं. ते तिला इतकं आवडायचं की चांगल्या डझनातसुद्धा ती एखादी बद असावी म्हणून देवाला सांगायची. पुढं लग्न होऊन यवतमाळला आली, घराच्या पुढच्या खोलीत दुकान मांडलं, आणि हजारो मनगटं तिच्या हातातून गेली. नवरीची, पोटुशीची, शेतात राबून घट्टे पडलेली, आणि एकदा एका बाईचं, जिच्या मनगटावर निळे वळ होते आणि जिला वळ झाकतील इतक्या बांगड्या पाहिजे होत्या. त्या बाईचा हात तिनं उगाच जास्त वेळ धरून ठेवला होता. आता कोण येतं? पोरी डब्यातल्या धातूच्या बांगड्या आणतात, आपल्या आपण घालतात. डोहाळजेवण असलं, लग्न असलं, की कुणीतरी हिरवा चुडा भरायला येतं, तेवढंच. हात नुसते मांडीवर पडून असायचे. त्या रिकामपणातच तिनं कुणाला न विचारता ही टाकी आणली होती. वामनरावांनी विचारलं होतं, कायले पाहिजे? तिला सांगता आलं नाही. काचेच्या आत काहीतरी जिवंत हलतंय आणि काच धरून आहे, एवढंच तिला पाहत राहायचं होतं. मनगटातली नाडी बांगडीला लागते तसं. हे वामनरावांना सांगितलं असतं तर त्यांनी डॉक्टरकडे नेलं असतं.

चहा झाल्यावर तिनं मासे काढले. पाटली, गोट, बिलवर आणि तोडे, चौघं सोनेरी. नावं तिनंच ठेवलेली, हातातल्या दागिन्यांची. ते मोठ्या टोपात गेले आणि लगेच टोपाच्या कडेनं फिरून पाहणी करायला लागले. मग पाणी. कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, ओतून दे मोरीत. पण यवतमाळात ज्यानं पाणीटंचाईची ती वर्षं काढली त्याच्या हातून पाणी ओतून दिलं जात नाही. नळ कित्येक दिवस यायचे नाहीत आणि यायचे ते कुठल्या वेळी याचा नेम नसायचा, तेव्हा गल्लीतल्या बाया निर्धास्त झोपायच्या, कारण वामनराव ड्युटीवरून येऊन अंगणात खाट टाकून पडायचे आणि नळाला पहिली गुरगुर झाली की स्टँडवरच्या आवाजात पुकारायचे, नळ आले! गल्लीच्या दोन्ही टोकांना दारं उघडायची, घागरी वाजायच्या. रिटायर झाल्यापासून, आणि पाणी बऱ्यापैकी नेमानं यायला लागल्यापासून, त्या आवाजाला काही कामच उरलं नव्हतं. ते पेपरही मनातल्या मनात वाचायचे. तर बेबीताईनं टाकीचं पाणी घागरीत भरलं, कळशीत भरलं, कुकरमध्ये, डब्यांत, पुरणाच्या पातेल्यात भरलं. स्वैपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. वामनराव ओलांडत ओलांडत आले आणि चहा मिळेल का म्हणून विचारून, पातेलं कुठलंच मोकळं नाही हे पाहून, तसेच परत गेले.

शेजारच्या श्रावणनं ड्रिल दिलं. तो घरोघरी पाण्याचे फिल्टर बसवतो. त्यानं वैष्णवीनं पाठवलेला गोल दातांचा बिट लावून दिला, ठोक्याचं बटण बंद करून दाखवलं, काळा चष्मा लावून आणि मोबाईल मागे धरून काच पाहिली. भट्टीत कडक केलेली असती तर पट्टे दिसले असते आणि भोक पाडताच तिचा चुरा झाला असता; खालच्या काचेत ते दिसले, बाजूच्या काचेत नाहीत. बाजूलाच पाडा, कडेपासून चार बोटं सोडून, असं सांगून तो कामाला गेला. त्याला म्हणे काचेचा भेव वाटतो. बेबीताईनं मग नखानं ती काच वाजवून पाहिली. टण्. खणखणीत. अंगभर काटा आला. काळा चष्मा श्रावणचा, पण खात्री तिची तिची.

गोधड्यांवर टाकी आडवी निजवली. वामनरावांनी हात लावला. आतल्या बाजूनं चिकटपट्टी लावली, वरून जागेची खूण केली. बिट तापला तर काच तडकते, म्हणून भोकाभोवती पाणी उभं राहायला पाहिजे. मोबाईलमधला माणूस त्यासाठी कसलीशी पुट्टी वापरत होता. बेबीताईनं परातीत कणीक घेतली, घट्ट मळली, तिची लांब वळकटी केली आणि काचेवर खुणेभोवती गोल दाबून बसवली. झाडाला करतो तसं आळं. त्यात वाटीभर पाणी सोडलं. पाणी थरथरलं आणि थांबलं, एक थेंब बाहेर नाही. ती पाहतच राहिली. वामनराव खुर्चीवरून पुढे झुकले होते. "कनकीचं आळं," ते म्हणाले, आणि पुन्हा मागे टेकले, पण पुरते नाही.

ड्रिल सुरू झालं तेव्हा पहिल्यांदा आवाजच तिच्या दातांत गेला. बिट जरा तिरका धरून तिनं काचेला चावू दिला, चंद्राच्या कोरीसारखी एक रेघ उमटली, मग हळूहळू सरळ केला. आळ्यातलं पाणी दुधाळ झालं. काचेचं पीठ. आयुष्यभर काच हाताळली, पण काचेचं पीठ होतं हे तिनं आज पाहिलं. दंडातून थरथर वर चढत होती, दुखऱ्या खांद्यात जाऊन बसत होती, आणि खांदा दुखत नव्हता. दुखत असेल, तिला वेळ नव्हता. दाबायचं नाही, ड्रिलच्या वजनानंच जाऊ द्यायचं, वैष्णवीनं बजावलं होतं. मधेच थांबायचं, पाणी बदलायचं, पुन्हा. बाहेर कुणी भाजीवाला ओरडत गेला, तो तिला फार लांबून ऐकू आला, जणू ती दिग्रसला आहे आणि तो यवतमाळला. आणि तिला हसावंसं वाटायला लागलं. बांगडी म्हणजे तरी काय? भोकाभोवतीची काच. माय, आपण जन्मभर भोकंच विकली की! दुसऱ्यांनी पाडलेली. आज आपलं आपण पाडतोय. हा विचार इतका मोठ्यानं आला की तिनं मान वर करून पाहिलं, वामनरावांनी ऐकला तर नाही. त्यांचं तोंड उघडं होतं. ते बिटाकडे पाहत होते, पेपर केव्हाचा पायाशी पडलेला.

मग हाताला कळलं. बांगडी भरताना अंगठ्याच्या हाडाशी ती अडते, बाई डोळे मिटते, आपण हात दाबून बारीक करतो, करतो, आणि एका क्षणाला वाट मोकळी होणार असं बोटांना आधी कळतं. तिथं थांबायचं नसतं, तिथं एक रेटा द्यायचा असतो, नाहीतर बांगडी वाढते. फुटते म्हणायचं नाही कासारानं. हजारो वेळा दिलेला तो रेटा. काच आता शेवटच्या पदराशी आली, बिट सैल पडला, आणि शेवटी तर उलट हात हलका करायचा असतो हे वैष्णवीनं दोनदा सांगितलेलं, ते बेबीताईला तोंडपाठ होतं. हाताला नव्हतं. हातानं रेटा दिला. खट्ट. आळं फुटलं, दुधाळ पाणी गोधडीत गेलं, ड्रिल आत घुसून बंद पडलं. खोली इतकी शांत झाली की टोपातला मासा पाण्यावर तोंड मारतो ते ऐकू आलं.

बेबीताईला डोळे उघडायचे नव्हते. गेली, तिला वाटलं, गेली, आपल्याच हातानं. ज्या हाताचा आपल्याला इतका माज त्यानंच घात केला. डोळे न उघडताच तिनं बोट पुढे नेऊन काच वाजवली. टण्. पुन्हा, भोकाच्या जवळ. टण्. खाली, कोपऱ्याशी, वर. सगळीकडे खणखणीत. कुठं बद नाही. तिनं डोळे उघडले. गोल भोक, आणि खाली टाकीत चिकटपट्टीसकट पडलेली रुपयासारखी काचेची चकती. भोकाच्या आतल्या कडेला नखाएवढी कपची मात्र उडालेली. तिथंच काय तो रेटा दिसत होता. वामनराव कधी उठून आले तिला कळलं नव्हतं. त्यांनी चकती उचलली, धोतराला पुसली आणि खिशात टाकली. का टाकली ते त्यांनाच ठाऊक.

आतून निप्पल घातला, पाण्याच्या बाजूला रबरी वायसर, कपची त्याच्याखाली झाकली गेली. बाहेरून दुसरा वायसर, नटाची चक्की, आणि टोकाला बंद कॉक. आता चक्की आवळताना तिचा हात भ्याला. एकदा शेफारलेला हात, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? पाना लावायचाच नव्हता, हातानंच आवळायचं होतं, पण तिनं तेही अलगद केलं, तान्ह्या पोराची कुंची बांधावी तसं. टाकी उभी केली. घागरी, कळश्या, कुकर, पातेली सगळी परत तीत रिकामी झाली. वामनरावांनी देवघरातला कापूस आणला, त्याचा पेळू वळला आणि निप्पलच्या गळ्याभोवती गुंडाळला. कापसाच्या जिल्ह्यातला माणूस. कापूस खोटं बोलत नाही, ते म्हणाले. पाणी झिरपलं तर कापूस ओला होईल, आणि कापूस ते तपासतील. बेबीताईनं हात लावायचा नाही. शब्द म्हणजे शब्द.

मग वाट पाहणं. तिनं स्वैपाक केला, काय केला ते आठवत नाही. दर थोड्या वेळानं ते उठायचे, वाकायचे, चिमटीत कापूस धरायचे, परत बसायचे, चेहऱ्यावर काही नाही. स्टँडवर गाडी किती लेट आहे हे विचारलं तरी असाच चेहरा असायचा. तिला राग आला. इतकी वर्षं झाली, या माणसाचा कधी आवाज चढला नाही आपल्यासाठी. सगळा आवाज गाड्यांना आणि नळांना. आपल्याला उरलेलं. आणि रागाच्या पोटातच ती गंमत अजून उसळत होती, की भोक तर पडलं ना! टाकी राहो न राहो, यवतमाळातल्या एका बाईनं काचेला भोक पाडलं, आणि कान अजून शाबूत आहे. पण टाकीकडे पाहिलं की गंमत आखडायची. रिकाम्या पाण्यात ऊन उभं होतं. ते उद्या इथं नसेल, इथं भिंत असेल, भिंतीवर टाकीच्या आकाराचा डाग असेल, आणि आपले हात मांडीवर असतील. हे तिला नको होतं. अगदी नको होतं.

रूपसिंग आला तो दणक्यात, गाडी दारात लावून, दोन गोणपाटं खांद्यावर टाकून. टाकी पाहून खूश झाला, भोक पाहून जास्तच, म्हणाला, हे तं लय भारी काम करून ठेवलं वहिनी, आता माह्या पोऱ्याइले पानी उपसाचा तरासच नाई. बेबीताईनं माशांचा टोप आपल्याकडे ओढून घेतला. वामनराव टाकीशी वाकले. यावेळी त्यांनी कापूस चिमटीत धरला तो जरा जास्त वेळ. त्यांची पाठ तिच्याकडे होती. खांदे थोडे वर झाले, खाली आले. मग ते सरळ झाले, चिमूट तशीच मिटलेली, आणि म्हणाले, "कोरडा आहे. रूपसिंग, टाकी देत नाई. चहा घेऊन जा."

रूपसिंग रुसला, चहा प्याला, रुसवा विसरला, एवढं भोक पाडून देणारी बाई माझ्याकडे पाठवा म्हणून हसला आणि गोणपाटं घेऊन गेला. गाडीचा आवाज वळणावर गेला तसे वामनराव आले आणि त्यांनी तिच्यासमोर चिमूट उघडली. कापूस ओला होता. चिंब नव्हे, पण ओला. बेबीताईनं कापसाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ज्या माणसानं उभ्या नोकरीत न लागलेली गाडी कधी लागली म्हणून पुकारली नाही, तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता.

"खोटं बोलले तुमी," ती म्हणाली.

"मंग काय करतो? तू पाहून राह्यली होतीस टाकीकडे." त्यांनी ओला कापूस मोरीकडे फेकला. "आता आवर ते. भेतेस काहून? सकाळी दिला तसा एक रेटा दे."

त्यांनी बाही सारून टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि आतून निप्पल धरला. तिनं बाहेरून चक्की धरली. दोघांच्या हातांमध्ये काच. तिनं फिरवली, रबर दबलं, अजून दबलं, आणि बोटांना आतून कळलं, इथं, इथं अडतंय, आता वाट मोकळी होणार. तिनं डोळे मिटून रेटा दिला. खट्ट नाही झालं. नखानं वाजवलं, टण्. नवा कापूस गुंडाळला, जेवणं झाली, ताटं झाली, उन्हं अंगणातून भिंतीवर चढली, आणि यावेळी तिनं स्वतः हात लावला. कोरडा. दुसऱ्या हातानं लावला. कोरडा, चुरचुरीत, नुकता सरकीतून काढल्यासारखा. डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं त्याच कापसाला पुसलं. मग तोही ओला झाला आणि ती हसत सुटली.

पाटली, गोट, बिलवर, तोडे घरी परतले. वामनराव पाइपचं टोक धरून अंगणात गेले, कढीपत्त्याच्या आळ्यापाशी, आणि तिथून त्यांनी खिडकीतून तिला हात केला, गार्डानं करावा तसा. बेबीताईनं कॉक फिरवला. पाइप आधी शिंकला, मग त्याच्या पोटात गुरगुर झाली, तीच ती गुरगुर, आणि पाणी आपल्या पायानं घराबाहेर निघालं. ती खिडकीशी धावली. वामनरावांच्या पायांवर, धोतरावर, आळ्यात पाणी पडत होतं, हिरवट, उन्हानं चमकणारं, आणि ते ओंजळ धरून उभे होते, आणि त्यांचं तोंड उघडलं, आणि कित्येक वर्षांत घराबाहेर न गेलेला आवाज अख्ख्या गल्लीवर गेला:

"नळ आले!"

पलीकडच्या घराचं दार उघडलं. मग त्याच्या पलीकडचं. कुणाच्या तरी हातून घागर दगडावर आपटली, कुणी ओरडलं आज काहून आले बाप्पा, आज तं बारी नाई. दोन्ही टोकांनी बाया बादल्या घेऊन निघाल्या, आणि मधोमध वामनराव भिजलेल्या धोतरात उभे, आपण काय पुकारलं ते लक्षात येऊन कावरेबावरे, बेबीताईकडे पाहत. ती खिडकीचे गज धरून इतकी हसत होती की हातातला हिरवा चुडा गजांवर किणकिणत होता. कुठेही बद नाही.